हसण्याची परवानगी

हुकूमशाहीत विनोद मरतो आणि लोकशाहीत तो आपोआप बहरतो, असा एक सोयीस्कर समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. हुकूमशहाला हसण्याचे वावडे नसते. कोणाला हसायचे हे ठरविण्याचा अधिकार तेवढा त्याला स्वतःकडे हवा असतो.

सोव्हिएत रशियात १९२२ पासून ‘क्रोकोडील’ हे विनोदी नियतकालिक निघत होते. लाचखाऊ कारकून, दारुडा कामगार, कामचुकार व्यवस्थापक आणि परदेशी भांडवलदार यांची त्यात यथेच्छ टिंगल होई. सत्तेवर असलेल्या सर्वोच्च नेत्याची मात्र नाही. त्याच देशात, स्टालिनच्या काळी, खाजगीत एखादा राजकीय विनोद सांगितला म्हणून माणसे दंडसंहितेच्या ५८व्या कलमाखाली श्रमछावण्यांत गेली. हे सारे समाजवादाच्या नावाने घडले, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी झाकून ठेवू नये.

नाझी जर्मनीत डिसेंबर १९३४ च्या कायद्याने राजवटीविषयी कुत्सित उद्गार काढणे हा गुन्हा ठरला. १९३५ साली बर्लिनमधील ‘काटाकोम्बे’ हे विनोदी नाट्यगृह बंद करून त्याचा सूत्रधार वेर्नर फिंक याला एस्टरवेगनच्या छळछावणीत धाडण्यात आले. पण त्याच सुमारास ज्यूंना विद्रूप करणारी ‘डेर श्ट्युर्मर’ची व्यंगचित्रे भर चौकात फलकांवर लावलेली असत. ज्यांचा पुढे संहार झाला, त्यांना आधी हास्यास्पद करण्यात आले होते.

भारतानेही ही दंडेली अनुभवली आहे. पंडित नेहरूंनी ज्यांना ‘माझीही गय करू नका’ अशा आशयाचे सांगितले, त्या शंकर यांचे १९४८ मध्ये सुरू झालेले ‘शंकर्स वीकली’ आणीबाणीनंतर दोन-अडीच महिन्यांतच, ऑगस्ट १९७५ मध्ये, बंद झाले. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्थांची मोट बांधून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी करण्यात आली. तरीही मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाच्या निधनवार्तांत लोकशाहीच्या मृत्यूची जाहिरात छापून आलीच. राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करीत आहेत, हे अबू अब्राहम यांचे व्यंगचित्रही डिसेंबर १९७५ मध्ये लोकांपर्यंत पोहोचले. लाखावर माणसे गजाआड टाकणाऱ्या सत्तेला हे चार ओळींचे हसू पुरते दाबता आले नाही.

मग १९७७ नंतर प्रश्न मिटला काय? एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र ई-मेलने पाठविले म्हणून यादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकास अटक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकारास मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली कोठडीत डांबण्यात आले. दोन्ही ठिकाणची सरकारे रीतसर निवडून आलेली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. पण त्या प्राध्यापकाची खटल्यातून सुटका व्हायला २०२३ साल उजाडले. अकरा वर्षांचे हेलपाटे हीच शिक्षा नव्हे काय?

याहून मोठा धोका निराळाच आहे. निवडणुकीच्या राजकारणात प्रचारयंत्रणा हसू दडपीत नाहीत, त्या ते विकत घेतात. पगारी हातांनी घडविलेली टवाळी घरोघर पोहोचते आणि तिचे लक्ष्य सत्ताधारी नसतात. असतात ते अल्पसंख्य, दलित, स्त्रिया आणि प्रश्न विचारणारे विद्यार्थी. ही परंपरा शंकर यांची नव्हे, ‘श्ट्युर्मर’ची आहे. अशा टवाळीला ‘विचारस्वातंत्र्य’ म्हणून पाठीशी घालणारे आणि मंत्र्यावरील व्यंगचित्र दिसताच पोलिसांत धाव घेणारे लोक पुष्कळदा एकच असतात.

विनोद म्हणजे पोरखेळ, चळवळीला त्याचे काय, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपला वारसा आठवावा. सत्यशोधक जलशांनी भटशाही आणि सावकारशाही यांना गावच्या चावडीसमोर उघडे पाडले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या लोकनाट्याचे नावच मुळी ‘पुढारी पाहिजे’ असे होते. पुढाऱ्याला हसण्याचे शिक्षण या चळवळीने स्वतःच लोकांना दिले.

तेव्हा कसोटी सरळ आहे: ज्याला हसायचे, त्याच्या हाती हसणाऱ्याला शिक्षा करण्याची ताकद आहे काय? असेल, तर ते हसू लोकशाहीचे. नसेल, तर तो निव्वळ दुबळ्यावरचा वार. आणि ही कसोटी प्रथम पक्षाच्या बैठकीतच लावावी लागेल. जेथे कार्यकर्त्याला स्वतःच्या नेत्यावर मोकळेपणी हसता येत नाही, तेथे देशाला हसण्याचे स्वातंत्र्य मिळवून देण्याच्या गोष्टी कोणी करू नयेत.