डी-मार्टला शिव्या देण्याआधी

दिवाळीला पुण्याहून गावी जाताना माझ्या डिकीत डी-मार्टच्या पिशव्या असतात आणि त्या मी मागच्या दाराने घरात नेतो. कारण पुढच्या दाराला आमचं किराणा दुकान आहे. जत, जिल्हा सांगली. गेल्या वर्षी अण्णांनी मला पकडलंच. पिशवीतलं तेलाचं पाकीट हातात घेतलं, बिलावरचा भाव बघितला आणि म्हणाले, "ह्या भावाला मला होलसेलला बी मिळत नाही. पुढच्या खेपेला दोन-चार बॉक्स घेऊन ये." चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे 'मॉलच्या झगमगाटात हरवलेला कोपऱ्यावरचा वाणी' छापाचा लेख मी लिहिणार नाही. असे लेख लिहिणारे महिन्याचं सामान कुठून भरतात हे मला माहीत आहे, कारण रविवारी संध्याकाळी बिलिंगच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे असतात. डी-मार्टमध्ये झगमगाट नसतोही. भगभगीत ट्यूबलाइट, अरुंद वाटा, आणि साबणापासून डाळीपर्यंत मोजक्याच ब्रँडचा माल.

धंद्याचं गणितही उघडं आहे. दुकानाची जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाडं नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. तो भाव गिऱ्हाइकाला दाखवायचा, म्हणजे माल पडून राहत नाही. भाड्याच्या जागा आणि कर्जावर उड्या मारणाऱ्या बिग बझारचं काय झालं ते आपण २०२२ मध्ये पाहिलं. डी-मार्ट मात्र एका भागात पाय रोवून मग शेजारच्या भागात सरकत राहिलं. २००२ मध्ये पवईला एक दुकान होतं, मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. त्यात आमची सांगली आली, कोल्हापूर आलं. जतहून सांगली ८०-९० किलोमीटर. तरी लोक गाडी करून जातात, दोन-तीन घरांचं सामान एकदम भरतात आणि भाडं वाटून घेतात. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी 'जतला पण येणार' अशी अफवा उठते. त्या दिवशी अण्णा दोनदा चहा मागतात.

आता मुद्द्यावर येतो. हे दुकान आलं कुठल्या मुलखात? जिथे साखर, दूध, सूत, बँक सगळं 'सहकारी' आहे त्या मुलखात. कोल्हापूरचा शेतकरी सहकारी संघ स्वातंत्र्याच्या आधीचा. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी १९७० च्या दशकात वारणा बाजार उभा केला. खेड्यातल्या माणसाने स्वतः सभासद असलेल्या मोठ्या दुकानात जाऊन धान्यापासून कापडापर्यंत खरेदी करायची, ही गोष्ट आमच्या भागात डी-मार्टच्या कितीतरी आधी घडली होती. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये अपना बाजार सुरू झाला, तोही कामगारांचा. आणि गंमत बघा. राधाकिशन दमाणींनी डी-मार्ट काढण्याआधी, १९९९ मध्ये, नेरूळला दुकान चालवून पाहिलं ते अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन. ते मॉडेल त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं काढलं. ज्या शेअरबाजाराच्या माणसाला आपण आज शिव्या देतो, त्याने या धंद्याची बाराखडी सहकाराच्या पाटीवर गिरवली.

म्हणजे मोठी खरेदी, स्वतःची जागा, मध्यस्थ वगळणं, हे सगळं आपल्याकडे आधी होतं. शिवाय दमाणींकडे नसलेली एक गोष्ट होती: मालक असलेलं गिऱ्हाईक. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, पैसे जमवून दुकान काढलं. त्यांचा एक नियम होता, की वर्षाअखेरीचा नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. डी-मार्टचा नफा शेअरधारकाला जातो. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला त्यांचा शेअर बाजारात आला तो थेट सहाशेच्या वर. मुंबई-पुण्यातले लोक एका सकाळीत दुप्पट झाले. सांगलीच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या मावशीला त्यातलं काय मिळालं? तेल स्वस्त मिळालं. ते कमी नाही. पण तेवढंच.

आणि आपण काय केलं? ग्राहक सोसायटी म्हटलं की माझ्या पिढीला काय आठवतं? आमच्या भागातल्या एका सोसायटीचं दुकान मला आठवतं. तिथे साखर सोडून काही मिळायचं नाही, काउंटरवरचा माणूस कुणाचा तरी मेहुणा होता आणि तो दुपारी एक ते चार जेवत असायचा. वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला की 'मंजूर, मंजूर' आणि मग वडा-चहा. वडे मीही खाल्लेत. सभासद असलेल्या आमच्या आजोबांनी ताळेबंद कधी उघडून बघितला नाही. डी-मार्टचा तिमाही निकाल मात्र माझ्या ऑफिसातली पोरं तोंडपाठ सांगतात. स्वतःच्या मालकीच्या दुकानाकडे आपण खिरापत म्हणून पाहिलं आणि दुसऱ्याच्या दुकानाकडे गुंतवणूक म्हणून.

किराणा दुकानदारांचंही फार कौतुक नको. अण्णांची उधारीची वही मी लहानपणापासून बघतोय. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी घरं, बेदाणा विकला की पैसे देणारी घरं, २०१८-१९ च्या दुष्काळात वर्षभर न फिटलेली पानं. ही वही नसती तर कित्येक चुली अडल्या असत्या, हे खरं. कुठलंही सुपरमार्केट ती वही ठेवणार नाही. पण उधारीवाल्याला भाव विचारायची सोय नसते, हेही खरं. रोखीचा भाव एक आणि वहीतला एक. अण्णा हे नाकारत नाहीत. "बुडीत कोण भरणार मग?" एवढंच म्हणतात.

व्यापारी संघटना आहेत, पण त्या एकत्र येतात बंद पुकारायला. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल अडवून धरला होता, बड्या खरेदीदारांना मिळतो तोच भाव आम्हालाही द्या म्हणून. मागणी रास्त होती. पण भाव मागून मिळत नसतो, तो खरेदीच्या आकड्याने मिळतो. एकट्या अण्णांचे महिन्याला पंधरा बॉक्स तेल जातं. तालुक्यातली चाळीस दुकानं एकत्र आली तर कंपनीचा माणूस स्वतः जतला येईल.

मी गोदामांचं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. चाळीस दुकानांची मागणी गोळा करून एक ऑर्डर काढणं हे माझ्यासाठी एका शनिवार-रविवारचं काम आहे. ही कल्पना अण्णांना सांगितली तेव्हा त्यांनी तांत्रिक शंका एकही काढली नाही. त्यांनी विचारलं, "आणि चेअरमन कोण?"

हसू नका. पश्चिम महाराष्ट्रातला सहकार या एका प्रश्नावर अडतो, फुटतो आणि कोर्टात जातो. दमाणींना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर आधीच ठरलेलं असतं. आपल्याला ते दर पाच वर्षांनी ठरवावं लागतं, आणि ते कटकटीचं आहे म्हणून आपण मालकीच सोडून दिली. वर डी-मार्ट आलं म्हणून गळा काढतो.

मी तरीही एक शीट बनवली. तेल, पोहे, साबण, चहा, एवढ्या चारच वस्तू. अण्णांच्या ओळखीच्या सात दुकानदारांना पाठवली. दोघांनी निळी टिक करून सोडून दिलं. एकाने 'गुड मॉर्निंग'चं फूल पाठवलं. चौघांनी आकडे भरले. सांगलीच्या होलसेलरने चहाचा भाव किलोमागे सहा रुपये उतरवला, तेलाचा उतरवला नाही. पैसे आधी कुणी गोळा करायचे यावर परवा अण्णांच्या गल्ल्याशेजारी दीड तास वाद झाला. शेवटी दर महिन्याला एकाने, आळीपाळीने, असं ठरलं. पहिला महिना कुणाचा यावर चिठ्ठ्या टाकायच्या आहेत.

मी पुण्यात आहे. या महिन्याचं सामान अजून भरलेलं नाही.