गाडीचा आवाज आणि आपले मौन

मोटारसायकलला मराठीने 'फटफटी' हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. आवाज हा या वाहनाचा जन्मजात गुण आहे, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. तो आवाज आटोक्यात ठेवण्यासाठी जो भाग बसवितात, त्याला आपण 'सायलेन्सर' म्हणजे गप्प करणारा असे म्हणतो. अलीकडे मात्र या भागाकडून नेमकी उलट अपेक्षा केली जाते. कंपनीने बसविलेला सायलेन्सर काढावयाचा आणि त्या जागी बाजारात मिळणारी, शक्य तितका मोठा आवाज करणारी नळी बसवून घ्यावयाची, ही तरुणांची हौस झाली आहे. हा विषय वाहतूक पोलिसांचा आहे, तेव्हा डॉक्टरांच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझ्या मते हा विषय आधी घराचा आहे, नंतर दवाखान्याचा आणि सर्वांत शेवटी पोलिसांचा. तो क्रम आपण उलटा लावला, म्हणूनच तो सुटत नाही.

आपल्या नल्लकुंट्याचेच उदाहरण घेऊ. सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे, परंतु सर्वजण ज्याला 'फीवर हॉस्पिटल' म्हणतात ते रुग्णालय येथे आहे. आसपास लहान-मोठी प्रसूतिगृहे, बालरुग्णालये, शाळा आणि शिकवणी वर्ग आहेत. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या सन २००० च्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' धरता येतो. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ आणि ४५ आहे. १०० मीटरचे हे नियम मनात धरून चालू लागलो, तर आपल्या वस्तीत शांतता क्षेत्राबाहेरचा रस्ता शोधावा लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ साली आवाज मोजणारी केंद्रे देशातील ज्या पहिल्या सात महानगरांत उभारली, त्यांत हैदराबादही होते. म्हणजे या शहरात मोजमापाची उणीव नाही. त्या मोजमापातून आपण काही शिकावे, ही गरज आहे.

कंपनीतून बाहेर पडणाऱ्या दुचाकीलाही आवाजाची मर्यादा असते. ८० ते १७५ सीसी इंजिनासाठी ती ७७ डेसिबल, तर १७५ सीसीच्या पुढे ८० डेसिबल आहे. ही मर्यादा पाळण्यासाठी सायलेन्सरमध्ये कप्पे व सच्छिद्र नळ्या असतात. त्यांतून फिरताना ध्वनिलहरी एकमेकींवर आदळून क्षीण होतात. बदललेल्या नळीत हे कप्पे नसतात, किंवा 'डीबी किलर' नावाचा एक काढता-घालता येणारा तुकडा असतो. पोलीस दिसले की तो घालावयाचा आणि पुढे गेल्यावर काढावयाचा! १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत धुरातील विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक याच मार्गात असतो. संपूर्ण नळी बदलली की बहुधा तोही जातो. म्हणजे आवाजाबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बनही वाढतात. दम्याचा मुलगा घरात असलेल्या पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे ८० च्या जागी ९० वा १०० हा 'थोडा जास्त' आवाज नव्हे. श्रवणसंरक्षणाचा रूढ हिशेब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करता येते आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. नल्लकुंट्याहून हायटेक सिटीला कामावर जाणाऱ्या तरुणाला एका बाजूच्या प्रवासातच यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. अर्थात, रस्त्यावरून एक गाडी गेली म्हणून कोणी बालक बहिरे होत नाही. तसे सांगून मी कोणाला भीती घालू इच्छित नाही. मुलांची हानी निराळ्या मार्गाने होते.

नवजात अर्भक जन्मतःच ऐकते. अचानक मोठा आवाज झाला की ते दचकून हात फाकविते, त्याच्या हृदयाची गती बदलते आणि झोप मोडते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत राखण्याची शिफारस केली, ती याच कारणासाठी. आपण त्या कक्षात पावले न वाजविता चालतो, यंत्रांचे गजर मंद करतो आणि खिडकीबाहेरून जाणारी एक फटाका-नळी ती सारी दक्षता एका क्षणात व्यर्थ करते.

मोठ्या मुलांचे नुकसान अभ्यासात होते. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जात असे. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दाखवून दिले, की रुळाकडील वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडत होती. वरच्या इयत्तेत ही पिछेहाट वर्षभराच्या जवळ पोहोचली होती. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक आच्छादन केले आणि नंतरच्या पाहणीत हा फरक नाहीसा झालेला आढळला. म्युनिक येथे १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला, तेव्हाही असेच दिसले. जुन्या जागेजवळच्या मुलांची स्मरणशक्ती व वाचन सुधारले, नव्या जागेजवळच्या मुलांचे खालावले. या दोन्ही ठिकाणी आवाजाचा उगम रेल्वे वा विमान होता, मोटारसायकल नव्हे, हे खरे. परंतु मुलाच्या मेंदूला आवाजाचा उगम कळत नाही. ध्यान तुटले एवढेच त्याला कळते. आवाज थांबला की मूल सावरते, ही या अभ्यासांतील आशेची बाजू आहे.

आता चालकाच्या सुरक्षिततेविषयी. मोठ्या आवाजाचे समर्थन करताना तरुण एक युक्तिवाद हमखास करतात. काही दिवसांपूर्वी एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या कानात शिट्टीसारखा आवाज येत होता. विचारपूस करता नवी गाडी आणि नवी नळी यांचा उल्लेख आला. तो मोठ्या विश्वासाने म्हणाला, "डॉक्टरकाका, आवाज असला की बसवाले, ऑटोवाले वाट देतात. त्याने माझीच सेफ्टी होते." मी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले, परंतु त्याच्या युक्तिवादाचे उत्तर देणे हे माझेच काम होते. ते येथेही देतो.

मोटारसायकलच्या नळीचे तोंड मागे असते आणि धोका बहुतांशी पुढून येतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ च्या त्या अहवालानुसार सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते आणि अशा टकरींपैकी दोन-तृतीयांश प्रसंगी दुसऱ्या चालकाने मोटारसायकलच्या हक्काची वाट अडविली होती. त्या चालकांचे नेहमीचे उत्तर होते, मोटारसायकल दिसलीच नाही. समोरून वळणाऱ्या, काचा बंद करून वातानुकूलन व गाणी लावलेल्या मोटारीत मागे फेकला जाणारा आवाज वेळेवर पोहोचेल, हा भरवसा फार महाग पडू शकतो. उपाय ऐकू जाण्यापेक्षा दिसण्यात अधिक आहे. म्हणूनच एप्रिल २०१७ पासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो.

शिवाय स्वतःच्या नळीच्या गर्जनेत चालकाला इतरांचे आवाज ऐकू येत नाहीत. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न, शेजारच्या रिक्षाचा ब्रेक किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेचा भोंगा त्यात बुडून जातो. ती १०८ सेवा २००५ साली याच शहरातून सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान आहे. तिला वाट देण्यासाठी ती आधी ऐकू यावयास हवी.

रस्ता तर काहीच ऐकत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलुगू अभिनेते साई धरम तेज यांची मोटारसायकल दुर्गम चेरुवूच्या केबल पुलाजवळ रस्त्यावरील वाळूवरून घसरली. त्यांच्या गाडीच्या नळीचा येथे प्रश्न नाही; हेल्मेट डोक्यावर होते आणि पुढे ते बरे झाले, हा धडा आहे. वाळू, खड्डा आणि सांडलेले तेल हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि ५० हजारांहून अधिक मृतांनी हेल्मेट घातलेले नव्हते. नळीवर खर्च होणारे पैसे आयएसआय चिन्हाच्या उत्तम हेल्मेटवर, चांगल्या टायरवर आणि ब्रेकच्या देखभालीवर खर्च झाले, तर 'सेफ्टी' हा शब्द खरा ठरेल.

आणि येथेच प्रश्न घराकडे येतो. त्या सतरा वर्षांच्या मुलाला गाडी कोणी दिली? इंटरला चांगले गुण मिळाले म्हणून वडिलांनी. नळी कोणाच्या पैशांनी बसली? त्याच वडिलांच्या. "मुलाची हौस आहे, डॉक्टर," असे ते मला नंतर दूरध्वनीवर म्हणाले. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराव्या वर्षानंतरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीत परवानगीवाचून बदल करणे आणि आवाजाचे मानक मोडणे हेही स्वतंत्र गुन्हे आहेत. कायदा पुरेसा कठोर आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथील पोलिसांनी जप्त केलेल्या नळ्यांवर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांतून पाहिली आहेत. पण एक नळी चिरडली की दुसरी विकत घेता येते, कारण घरातून कोणी 'नाही' म्हणत नाही. उलट गाडी अडविली गेली की ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करण्यास आपल्यातील सुशिक्षित मंडळीही कचरत नाहीत. प्रत्येक वेळी केलेली अशी शिफारस मुलाला एकच गोष्ट शिकविते : नियम इतरांसाठी असतात.

मुलावर ओरडण्याने हे होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. या वयात आपली दखल घेतली जावी ही भूक खरी असते. ज्या घरात मुलाचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही, त्या घरातील मुलगा रस्त्यावर ऐकविण्याचा मार्ग शोधतो, असे मला अनेकदा दिसले आहे. त्याच्याशी बोलावे, त्याच्याबरोबर हेल्मेट निवडावयास जावे, गाडी घेतानाच अटी स्पष्ट कराव्यात : मूळ सायलेन्सर राहील, हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असेल, परवान्याशिवाय किल्ली मिळणार नाही. अटी आधी सांगितल्या तर त्यांचा अपमान वाटत नाही.

आपण डॉक्टरांनी काय करावे? लसीकरणाच्या वेळी आपण आहार, झोप, वाढ विचारतो. किशोरवयीन मुलगा तापासाठी आला तरी दोन प्रश्न जास्त विचारावेत : गाडी चालवितोस का, आणि हेल्मेट कोणते आहे? उत्तरात नळीचा विषय आपोआप येतो. तान्ह्या मुलाला दुचाकीवरून दवाखान्यात आणणाऱ्या पालकांना सांगावे, की नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. आपल्या संस्थेने दवाखान्यांसमोरील आवाजाची वर्षातून दोनदा मोजणी करून ती नोंद महापालिकेकडे व पोलिसांकडे द्यावी, असाही माझा प्रस्ताव आहे. रुग्णांच्या वतीने आकडे मांडणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे टाळणे सोपे नसते.

हे काम डॉक्टरांचे नव्हे, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांना मी मुंबईच्या डॉ. यशवंत ओक यांचे स्मरण करून देईन. ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटाविरुद्ध १९८० च्या दशकात ते उच्च न्यायालयात गेले आणि पुढे शांतता क्षेत्रांसाठीही त्यांनी लढा दिला. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, त्यामागे अशाच नागरिकांचे कष्ट होते. आपल्याला न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत आणि आपल्या तपासणीच्या खोलीपर्यंत गेलो तरी पुरे. गाडीची किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वीची पाच मिनिटे आपली असतात. तेवढी पाच मिनिटे आपण गप्प बसू नये, एवढीच या लेखाद्वारे सर्व पालकांना आणि समव्यवसायी बंधु-भगिनींना माझी विनंती आहे.