सहल कारागिराकडे न्या

सहलीबद्दल माझे मत लिहितो.

इटली देशात व्हेनिस शहराजवळ मुरानो नावाचे बेट आहे. काचेच्या भट्ट्यांमुळे शहराला आग लागेल म्हणून १२९१ साली भट्ट्या त्या बेटावर हलवल्या, असे गुरुजींनी सांगितले. आजही लोक नावेने तिथे जातात अन् नळीने फुंकून काचेचे भांडे कसे होते ते पाहतात.

आपल्याकडे बेट नाही, पण खामगाव आहे. एस.टी.ने तासाभरात येते. तिथली चांदी लय नावाजलेली. आपण मात्र दुकानातले तयार पैंजणच पाहतो. चांदी वितळायला ९६१ अंश उष्णता लागते. ती मऊ असते, म्हणून दागिन्यात थोडे तांबे घालतात. हे पाठ होते. पण तार ओढताना हाताला किती जोर लागतो, ते पुस्तकातून कसे कळणार?

नांदुऱ्याचा हनुमान १०५ फूट उंच आहे. पाहुणे उंचीच विचारतात. कोणी घडवला, हे काहून विचारत नाहीत?

माझे बाबा मडकी घडवतात. माय माती तुडवते. मलाही चाक फिरवायला आवडते. पण बाबा म्हणतात, "तू शिक. हे पाहायला तरी कोण येते रे?" म्हणून माझे म्हणणे आहे, की खामगावची सहल ठरेपर्यंत वर्ग एकदा आमच्या घरी आणावा. गाडीभाडे लागत नाही. फक्त सकाळी या, दुपारी बाबा मडकी थापटायला बसतात, तेव्हा चाक बंद असते.

— इयत्ता चौथी