फळ ओळखीचे, बाटली अजाण



लेह-लडाखची सहल करून आलेल्या आपल्या कितीतरी घरांत हल्ली फ्रिजच्या दारात एक नारिंगी रसाची बाटली दिसते. नाव सी बकथॉर्न. मंदिरातून परतताना, भिशीला जमल्यावर एकच प्रश्न निघतो, "हे आपल्याला चालतं का गं?" उत्तरंही ठरलेली दोनच. एक म्हणते, "अजाण फळ आहे, विषय संपला." दुसरी म्हणते, "झाडाला लागतं, कंदमूळ थोडंच आहे, मग काय हरकत?"

मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. माझं मत सरळ सांगते. हे फळ नीट ओळखून घेतलं तर गृहस्थाच्या घरात चालायला हरकत नाही, पण रस आपल्या हातांनी घरी काढलेला हवा. ते जमत नसेल तर बाटली आणू नये, आपला आवळा आहेच.

आधी ‘अजाण’ म्हणजे काय ते पाहू. २२ अभक्ष्यांत अजाण फळ आहे. ज्याचं नाव, गुण, दोष माहीत नाहीत ते तोंडात घालायचं नाही, कारण ते विषारी असू शकतं, त्यात त्रस जीव असू शकतात. परदेशचं किंवा नवं ते सगळं वाईट, असं हा नियम सांगत नाही. तो सांगतो, माहिती नसताना खाऊ नका. म्हणजे माहिती करून घेणं हे आपलंच काम झालं. गंमत अशी, की ड्रॅगन फ्रूट आपण हौसेने कापून ताटात मांडतो आणि गरभर पसरलेल्या बियांकडे कुणी बघत नाही. तिथे नियम आठवत नाही आणि इथे मात्र एका शब्दात निकाल लागतो.

तर हे फळ ओळखून घेऊ. लडाखमध्ये त्याला त्सेस्तालुलु म्हणतात, लाहौल-स्पितीत छरमा. नदीकाठच्या वाळूत आणि दगडगोट्यांत वाढणारं हे काटेरी झुडूप आहे. त्याची मुळं वाळू धरून ठेवतात आणि जमिनीला नत्र पुरवतात. काटेरी फांद्या शेताच्या कुंपणाला लागतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, फळं फक्त मादी झाडाला. ऑगस्टच्या अखेरीपासून ती पिकतात. वाटाण्याएवढं नारिंगी फळ, साल अगदी पातळ, आत एकच बी. म्हणजे बहुबीज नाही, कंद नाही, पाच उदुंबर फळांतलंही नाही. कच्चं, न भरलेलं फळ तुच्छ फळात जाईल, म्हणून पूर्ण रंग आलेलंच घ्यायचं. चव मात्र जीभ आकसावी इतकी आंबट. क जीवनसत्त्व भरपूर, आणि बहुतेक फळांत नसते अशी एक गोष्ट यात आहे, ती म्हणजे बीसारखंच गरातही तेल असतं. लेहच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्यापासून पेय बनवण्याची रीत काढली आणि ते ‘लेह बेरी’ नावाने बाजारात आलं, तेव्हापासून खालच्या मैदानी भागांत त्याची ओळख झाली.

इतकं कळल्यावर फळ अजाण राहिलं नाही. पण बाटलीचं काय? ती फळं कोणी शोधली? पाणी गाळलं होतं का? रस दिवसा काढला की रात्री? काढून किती महिने झाले? त्यात गोडीला काय घातलं? यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. फळ ओळखीचं झालं तरी बाटली अजाणच राहते. गोडीचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा आहे. फळ आंबट असल्यामुळे या रसात मध घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, अनेक पाककृतींतही तेच लिहितात. मद्य, मांस आणि मधाचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा पाया. आरोग्याच्या नावाखाली चमचाभर मध घरात शिरतो तो असा. म्हणून कोणी प्रेमाने बाटली भेट दिली तर निदान लेबल शेवटपर्यंत वाचा.

आता घरचा रस. ताजं फळ आपल्याकडे येत नाही, साल इतकी पातळ की वाटेतच फुटतं आणि आंबतं. त्यामुळे ताज्या फळाची रीत सप्टेंबरात लडाख किंवा स्पितीत गेलेल्या आणि तिथे मुक्कामी स्वयंपाक करणाऱ्या बहिणींसाठी. त्या दिवसांतच बहुधा आपलं दशलक्षण पर्व येतं. ज्यांचा हरी न खाण्याचा नियम असेल त्यांनी पर्व संपेपर्यंत थांबावं.

पाव किलोच फळं घ्या, जास्त नको. कारण खरं काम शोधण्याचं आहे. रशिया आणि जर्मनीत या फळाला माशीच्या अळीचा उपद्रव होतो. आपल्या हाती आलेल्या फळात ती नसेलच असं धरून चालू नये. पांढऱ्या ताटात, दिवसाच्या उजेडात फळं पसरून एकेक बघा. डाग पडलेलं, सुरकुतलेलं, मऊ झालेलं फळ बाजूला काढा. मग गाळलेल्या पाण्याने धुवा. स्टीलच्या पातेल्यात अर्धी वाटी गाळलेलं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. तांबं-पितळ नको, इतका आंबट रस लगेच कळकतो. चार-पाच मिनिटांत साली फुटतात. पळीच्या पाठीने दाबा आणि स्वच्छ सुती कापडातून पिळून गाळा. मिक्सर लावू नका, बी फुटली की रस कडवट होतो. खडीसाखर किंवा साखर घाला. एक भाग रसाला तीन-चार भाग पाणी लागतं. वर नारिंगी तवंग येईल. ते फळातलंच तेल आहे, काढून टाकू नका, ढवळून घ्या. कपड्यावर सांडू देऊ नका, डाग जात नाही.

कोणी म्हणेल, तापवल्यावर क जीवनसत्त्व कमी होतं. होतं, खरं आहे. पण तापवल्याने रस प्रासुक होतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात तो विचार आधी. थोडं जीवनसत्त्व गेलं तर जाऊ दे. हा रस त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या आत संपवायचा. राहिलेला आंबू लागला, चव-वास बदलला की तो चलित रस झाला.

इथे महाराष्ट्रात सुकवलेली फळं मिळतात. त्यांचे दोन चमचे अर्धी वाटी कोमट, गाळलेल्या पाण्यात भिजवा. फुगल्यावर एकेक फळ बोटांनी उघडून बघा, मगच चुरून तापवा आणि गाळा. वेळ लागतो, पण आत काय आहे ते बघण्याचा दुसरा मार्ग नाही. गोठवलेला गर व्रती मंडळींनी घेऊ नये. चौक्यात तर यातलं काहीच नको. महाराज किंवा माताजींना आहारात असं नवं फळ विचारल्याशिवाय देणं बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या मंदिरांत लेश्यावृक्षाचं चित्र असतं. जांभळाच्या झाडापाशी सहा माणसं. एकाला झाड मुळापासून उपटायचंय, दुसऱ्याला खोड तोडायचंय, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला लहान डहाळी. पाचवा फक्त पिकलेली फळं तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. खायचं सगळ्यांना तेच जांभूळ, भाव मात्र सहा. सी बकथॉर्नच्या बाबतीत हे चित्र अक्षरशः खरं आहे. फळ फांदीला घट्ट चिकटलेलं आणि भोवती काटे, त्यामुळे हाताने तोडणं फार जिकिरीचं. लडाखमध्ये झुडपाखाली कापड पसरून काठीने फांद्या झोडतात. जर्मनीत फळांसकट फांद्या छाटून त्या गोठवतात आणि मग फळं झाडून काढतात. फांदी छाटली की त्या झुडपाला पुन्हा फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात. वाळवंटात माती धरून ठेवणारं झाड ते. त्यावर उरलेली फळं हिवाळ्यात पाखरं खातात.

म्हणून ‘भक्ष्य की अभक्ष्य’ एवढं विचारून आपलं काम संपत नाही. फळ फांदीवरून कसं उतरलं, हेही विचारायला हवं. तिथे गेलात तर फळं गोळा करणाऱ्या गावातल्या बायांकडून थेट घ्या, विचारा, बघा. पैसाही कष्ट करणाऱ्या हाती जातो आणि आपल्यालाही कळतं. विचारणारं गिऱ्हाईक असलं की विकणाराही जपून वागतो.

शेवटी गरजेचं. भोगोपभोग परिमाण व्रतात आपण वापरायच्या वस्तूंची मर्यादा बांधतो. हजार मैलांवरचं महागडं फळ त्या यादीत घालायचं असेल तर दुसरं एखादं कमी करावं, नुसती यादी वाढवत नेऊ नये. आणि खरंच गरज आहे का? क जीवनसत्त्वासाठी आवळा पुरेसा आहे. लहानपणापासूनची ओळख, थंडीत प्रत्येक मंडईत मिळणारा आणि परवडणारा. तोही शोधून, चिरून, दिवसाउजेडी रस काढता येतो. शेजारीण पिते म्हणून किंवा मोबाइलवर कोणी ‘अमृत’ म्हणालं म्हणून लेहची बाटली मागवणं हे आरोग्य नव्हे, हौस आहे. हौस असू नये असं नाही, पण तिला हौस म्हणावं.

ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी हा रस उपाशीपोटी घेऊ नये. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बाकीच्यांनी घ्यायचा तर घरी काढून, अर्धी वाटी, दिवसाउजेडी.