सेडीला बारीक व्हावं लागत नाही

परीकथांना हात लावू नये, असं ठामपणे मानणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की राजकन्या सुंदर असायची आणि राजपुत्राने तिला सोडवायचं, हा या गोष्टींचा मूळ साचा आहे. तो मोडून त्यात आजचे वाद कोंबले की गोष्ट मरते आणि प्रचार उरतो. के ओनील यांच्या ‘प्रिन्सेस प्रिन्सेस एव्हर आफ्टर’ या चित्रकथेसारखं काही समोर आलं की हा आक्षेप हमखास निघतो. न्यूझीलंडच्या या चित्रकारांनी ती आधी वेबकॉमिक म्हणून इंटरनेटवर आणली आणि २०१६ मध्ये ओनी प्रेसने तिचं पुस्तक काढलं. एका बैठकीत वाचून होणारी, मुलांसाठीची गोष्ट आहे ही. सेडी नावाची गुबगुबीत राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली आहे. तिला सोडवायला युनिकॉर्नवर बसून येते ती अमीरा. सावळी, केस वर वळवलेली, ठरलेलं लग्न नाकारून घराबाहेर पडलेली ही दुसरी राजकन्या.

आता त्या ‘मूळ साच्या’कडे नीट पाहू. ग्रिम बंधूंचा संग्रह पहिल्यांदा १८१२ साली निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते त्यात फेरफार करत राहिले. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. सावत्र आई आली ती पुढच्या, १८१९ च्या आवृत्तीत. सिंड्रेलाच्या बहिणींचं तर विचारूच नका. ग्रिमच्या गोष्टीत त्या चेहऱ्याने गोऱ्यागोमट्या आणि मनाने काळ्या आहेत. त्यांना कुरूप केलं ते नंतरच्या रंगमंचाने आणि पडद्याने. फ्रान्समध्ये पेरोची सिंड्रेला १६९७ ची, आणि त्याच सुमारास मादाम दोलन्वा लिहीत होत्या, ज्यांची बेल-बेल म्हाताऱ्या बापाऐवजी पुरुषवेषात राजाच्या चाकरीला जाते. म्हणजे शूर राजकन्या हे आजचं खूळ नव्हे. ती तेव्हाही होती, फक्त पुढे तिला कुणी फारसं छापलं नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. बेकर-स्पेरी आणि ग्रावरहोल्झ या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बायकांनी २००३ साली ग्रिमच्या १६८ कथा तपासल्या. त्यांतल्या ज्या कथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, चित्रपटांत गेल्या, त्यांत बाईच्या रूपावरचा भर जास्त असल्याचं त्यांना आढळलं. तेव्हा ज्याला आपण परंपरा म्हणतो ती निवड आहे. प्रकाशकांनी, निर्मात्यांनी आणि विकत घेणाऱ्या आईबापांनी मिळून केलेली निवड. तिच्याविरुद्ध दुसरी निवड करायला कुणाचीही आडकाठी असू नये.

दुसरा आक्षेप जरा सुसंस्कृत आहे. सौंदर्य हे चांगुलपणाचं प्रतीक आहे, मुलं ते शब्दशः घेत नाहीत, असा तो. शब्दांत सांगितलेल्या गोष्टीपुरतं हे काही अंशी मान्य करता येईल. आजी ‘सुंदर राजकन्या’ म्हणते तेव्हा ऐकणारी पोर स्वतःचंच नाक, स्वतःचाच रंग तिला देऊ शकते. चित्रात ती सोय उरत नाही. तिथे कंबर काढावी लागते, गाल काढावे लागतात, रंग भरावा लागतो. डिस्नेने १९३७ मध्ये हिमगौरी पडद्यावर आणली त्या दिवसापासून प्रतीकाला एक ठरावीक शरीर मिळालं. चित्राने केलेलं नुकसान चित्रानेच भरून काढायला हवं, म्हणून मला चित्रकथेतली सेडी महत्त्वाची वाटते.

प्रचारकीपणाच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. सेडीची बहीण क्लेअर ही खलनायिका फार पातळ उतरली आहे. तिचा दुष्टपणा कुठून आला हे कळायला पानंच नाहीत. पण सेडीच्या शरीराबद्दल ही गोष्ट उपदेश करते, हे मला साफ नामंजूर आहे. सेडी जाड आहे, बावळट आहे, हे पुन्हा पुन्हा तिच्या मनावर बिंबवते ती क्लेअर, आणि सिंहासन हवं आहे तेही क्लेअरलाच. टोमणे मारणारीचा त्यात फायदा काय, हे लहान मुलालाही दिसेल अशा जागी ओनील यांनी ठेवलं आहे. जेवताना ताटाकडे पाहून ‘जरा बेताने, उद्या लग्न व्हायचंय’ असं ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या मुलीला तर हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट अँडरसनने १८४३ मध्ये लिहिली आणि गदिमांच्या गाण्यामुळे ती मराठी घरांत पोचली. मलाही ती प्रिय आहे. तरी त्या पिल्लाचं दुःख संपतं ते पाण्यात स्वतःचं देखणं रूप दिसल्यावरच. रूपाची परीक्षा तशीच राहते, फक्त ते पिल्लू तीत उत्तीर्ण होतं. जी पोर हंस होणार नाही तिने काय करायचं? सेडीच्या गोष्टीत ही परीक्षाच होत नाही. शेवटपर्यंत ती बारीक होत नाही, आणि जाडी असूनही सुंदर आहेस हो, अशी समजूतही तिला कुणी घालत नाही. ती काय करते ते पाहा. गावात धुमाकूळ घालणाऱ्या राक्षसावर अमीरा चालून जाते, पण त्याच्याशी बोलावं हे सुचतं सेडीला. राक्षसाला फक्त नाचायचं असतं. त्या चौकटींमध्ये सेडीचं गोल शरीर पानभर आहे आणि वाचकाचं लक्ष तिच्या बोलण्याकडे आहे. मंडन म्हणून मला एवढं एक दृश्य पुरेसं आहे.

राहिला तो आक्षेप जो बरेच जण मोठ्याने घेत नाहीत: शेवटी दोन राजकन्यांचं लग्न होतं, ते मुलांना कसं दाखवायचं? ते लग्न गोष्टीत लगेच होत नाही. सेडी राज्य सांभाळते, अमीरा जग पाहायला निघते, मध्ये काही वर्षं जातात आणि मग दोघी आपल्या मर्जीने एकमेकींकडे येतात. उलट ग्रिमच्या गोष्टीत आरसा हिमगौरीला राणीहून देखणी ठरवतो तेव्हा ती सात वर्षांची आहे. पुढे काचेच्या पेटीत निपचित पडलेल्या तिला राजपुत्र पेटीसकट मागून नेतो. तिला कुणी विचारत नाही. ही गोष्ट मुलांना बिनदिक्कत वाचून दाखवणाऱ्यांनी आधी ती पानं पुन्हा वाचावीत, आणि मग सेडी-अमीराच्या लग्नात नेमकं काय खटकतं ते सांगावं.