सांडणीस्वार अडकला

आमचा सांडणीस्वार काल रात्रीपर्यंत एकोणीस दिवस माण नदीच्या काठावर उभा होता. नदी कोरडी (सांगोलेकरांना नवल नाही), तरी गडी पलीकडे जाईना. कारण त्याला चालवणाऱ्या आतेभावाचं डाळिंब तोडणीला आलंय.

नव्या मंडळींसाठी: आम्ही पाच भावंडं लिहून एक खेळ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या जातीचा. चौघांचं एकेक पात्र, मी सूत्रधार. ड्रॅगनच्या जागी आमच्याकडे १७५० चा सांगोला करार, ज्याने छत्रपतींची सत्ता पेशव्यांच्या हाती गेली. त्याआधी साताऱ्याहून आलेलं पत्र पोचवायचं.

माझ्या मते असे खेळ कंटाळ्याने मरत नाहीत, भिडेने मरतात. 'त्याच्याशिवाय पुढे कसं जायचं?' म्हणून सगळे थांबतात, मग थांबल्याचीच लाज वाटून कुणी लिहीत नाही. टपाली बुद्धिबळवाले शहाणे. दहा चालींना तीस दिवस, अशी मुदतच असायची. म्हणून आता चार दिवसांत उत्तर नाही आलं तर पात्र मी चालवणार, जपून. आणि प्रसंग नुसत्या 'आता काय कराल?'वर सोडणार नाही. मुक्काम की रात्रीच कूच, एवढं विचारलं की दमलेला माणूसही एक ओळ लिहितो.

ताईला पटत नाही. "त्याचा स्वार तू हाकलास तर तो परत कशाला येईल?" आजी गेल्यापासून आम्ही पाचजण एकत्र बोलतो ते एवढंच, त्यामुळे भीती मलाही होती.

तरी रात्री नदी ओलांडून दिली. सकाळी बागेतून भावाचा निरोप: "सांडणी कुठं बांधलीस?"