थोर इंजिन कोणतं?

जगातलं सर्वांत थोर मोटार-इंजिन कोणतं? पुरुषमंडळींत हा प्रश्न टाकावा आणि खुशाल आपल्या कामाला लागावं. दोन तास कुणी चहासुद्धा मागत नाही! आमच्या वेस्ट मांबलममध्ये तर या वादाला मराठी, तामिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषाही कमी पडतात.

दादरचे भाऊजी अर्थातच पद्मिनीचे भक्त. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा भाऊजी दिवसभर गप्प होते म्हणे. आमच्या ह्यांचं मत फियाटलाच, पण १२४८ सीसीच्या डिझेलला. ते पुण्याजवळ रांजणगावला बने, तसंच मानेसरलाही. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो या एकमेकींच्या सवती, पण बोनेटखाली काळीज एकच! लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले आणि मारुतीनं ते बंद केलं.

शेजारचे मामा दोघांनाही मोजत नाहीत. मांबलमला लोकल पकडली की तांबरमच्या पुढे वंडलूर लागतं. स्टँडर्डचा कारखाना त्याच बाजूला होता. तिथं १९६१ पासून हेरल्ड बनू लागली, ९४८ सीसीची. तिचं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं, त्यामुळे मेकॅनिकला इंजिनाशी बसून गप्पा मारता येत. मामांचं खरं दैवत मात्र याच घराण्यातलं जुनं व्हॅनगार्ड इंजिन. तेच फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये आणि तेच ट्रायम्फच्या शर्यती गाडीत. सिलिंडरची आतली नळी झिजली तर तेवढीच बदलायची, अख्खा ठोकळा नाही. पण १९८५ मध्ये स्टँडर्ड २००० या देखण्या, महागड्या गाडीत त्याच पठडीचं १९९१ सीसीचं इंजिन बसवलं गेलं. वर पैठणी, आत जुनेर! गाडी जड, पेट्रोल भरमसाट. दोन-तीन वर्षांत सारं आटोपलं. हा विषय निघाला की मामा फिल्टर कॉफीत लक्ष घालतात.

माझं मत डिसेंबर २०१५ च्या पुरात ठरलं. अडयार नदी फुगली आणि आमच्या भागात पाणी शिरलं. ओसरल्यावर गल्लीतल्या जुन्या अँबॅसडरचे प्लग काढले, पाणी काढलं, तेल बदललं, डिस्ट्रिब्युटर पुसून सुकवला, आणि ती खोकत खोकत का होईना, चालू झाली. शेजारची नवी गाडी महिनाभर गॅरेजात, कारण तिचा कॉम्प्युटरच भिजलेला. जुन्या इंजिनांना रोज गोंजारावं लागे, हे खरं. पण बुडल्यावर जे गल्लीतल्या माणसाच्या हातानं उठतं, ते थोर!

एक गोष्ट मात्र नव्या-जुन्या दोघांनाही लागू. पाण्यातून काढलेल्या गाडीच्या किल्लीला हात लावू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. बॅटरीची वायर काढा आणि गाडी ओढून न्या. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, इंजिनासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. पावसाळ्याआधी पॉलिसी एकदा वाचाच. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून बसा!